इस्त्री : निखाऱ्यापासून वाफेपर्यंत

'इस्त्री' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की तो परका आहे हे कुणाला पटकन खरे वाटत नाही. वर्गात शब्दांची कुळे शिकवताना मी फळ्यावर बटाटा, पाव, चावी, पगार, घमेले, फीत असे शब्द लिहीत असे आणि सर्वात शेवटी इस्त्री. हे सगळे पोर्तुगीजांबरोबर आलेले पाहुणे, आता घरचेच होऊन बसलेले. पोर्तुगीज भाषेत 'एस्तिरार' म्हणजे ताणणे, पसरणे. त्यावरून इस्त्री आली असे भाषेचे अभ्यासक मानतात. मग एखादा चुणचुणीत मुलगा हमखास विचारी, "बाई, पण त्यात स्त्री कुठून आली?" व्युत्पत्तीच्या दृष्टीने इस्त्रीचा स्त्रीशी काडीचाही संबंध नाही, असे मी त्याला सांगत असे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो आहे, आणि चांगलाच घट्ट आहे. आजचा लेख त्याबद्दल.

निमित्त अगदी घरगुती आहे. मागच्या वर्षी माझे उजवे मनगट मोडले. प्लॅस्टर निघाले, हाड जुळले, पण जड वस्तू उचलली की कळ येते ती येतेच. आमची जुनी साधी इस्त्री चांगली दणदणीत आहे, ती माझ्याच्याने उचलवेना. तेव्हा वाफेची हलकी इस्त्री घ्यावी असे ठरले आणि भाचीने फोनवर विचारले, "मावशी, पण त्यातली विश्वासाची कुठली?" प्रश्न साधा होता, पण मी विचारात पडले. इस्त्रीच्या बाबतीत विश्वास म्हणजे नेमके काय? गंमत अशी की या एका प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळात वेगळे आहे, आणि ते बघत गेले की इस्त्रीचा सगळा इतिहास उलगडतो.

मुळात कपड्याला सुरकुती पडते का? कापूस, ताग यांचे धागे सेल्युलोजचे. त्यातले लांबलचक रेणू एकमेकांना हायड्रोजनच्या नाजूक बंधांनी धरून असतात. पाणी लागले की हे बंध सुटतात आणि कपडा जसा चुरगळलेला असेल तसाच वाळताना पुन्हा जुळतात. म्हणून सुरकुती काढायची तर तीन गोष्टी हव्यात : बंध सोडवायला ओल, ते लवकर सुटावेत आणि ओल उडून जावी म्हणून उष्णता, आणि कपडा सपाट राहावा म्हणून दाब. माणसाने जगभर जी जी साधने काढली, ती या तिघांचीच निरनिराळी मांडणी आहे.

आपल्याकडे जुन्या काळी फक्त दाबावर भागवत. धुतलेल्या कपड्याची घडी लाकडी मोगरीने ठोकून गुळगुळीत करत, त्याला कुंदी म्हणत. एखाद्याला चांगले बदडून काढले की 'कुंदी काढली' असे जुनी माणसे म्हणायची, ते यावरूनच. चीनमध्ये मात्र निखाऱ्यांचे पसरट भांडे फार पूर्वीपासून वापरात होते. अमेरिकेत बॉस्टनच्या संग्रहालयात बाराव्या शतकाच्या सुरुवातीचे एक चिनी चित्र आहे. सम्राट हुईझोंग याच्या नावावर असलेले हे चित्र त्याहूनही जुन्या, आठव्या शतकातल्या चित्राची नक्कल आहे. त्यात राजवाड्यातल्या बायका रेशमाचे कापड दोन्ही बाजूंनी ताणून धरतात आणि एकजण निखाऱ्याचे भांडे त्यावरून फिरवते. एक मुलगी शेगडीला वारा घालते. सगळ्या बायकाच! आठवीतल्या त्या मुलाला हे चित्र दाखवायला हवे होते.

माझ्या लहानपणी, म्हणजे १९५५-६०च्या सुमारास, आमच्या घरीही याच पद्धतीचा धाकटा अवतार होता. पितळेच्या तांब्यात चुलीतले निखारे घालायचे, तांब्या फडक्याने किंवा सांडशीने धरायचा आणि पाणी शिंपडलेल्या सदऱ्यावरून फिरवायचा. ज्या घरी तेवढेही जमत नसे तिथे घडी घालून कपडे रात्री गादीखाली ठेवत. सकाळी बऱ्यापैकी इस्त्री झालेली असे. (आमच्या शाळेतल्या कित्येक मुलांचा गणवेश असाच 'झोपून' इस्त्री होत असे.) धोतरे, नऊवारी आणि खळ घातलेले कपडे परटाकडे जात. त्याच्याकडे खरी कोळशाची इस्त्री असे, पितळेची किंवा बिडाची, लाकडी मुठीची. पाच-सात किलो वजन सहज भरे.

त्या इस्त्रीचा विश्वास म्हणजे काय? तर राख सांडू नये, ठिणगी उडून पांढऱ्या धोतराला भोक पडू नये आणि कपडा करपू नये. तापमान मोजायला काही नव्हते. ओले बोट लावून 'चर्र' आवाज कसा येतो त्यावर परीट ठरवी. म्हणजे विश्वास इस्त्रीवर नव्हताच, तो माणसावर होता. आपण ज्यांच्या हातावर एवढा विश्वास टाकला त्यांना समाजाने काय दिले, हा प्रश्न मात्र इथे टाळता येत नाही. आपली उजळ वस्त्रे त्यांनी केली आणि पंक्तीत त्यांना दूर बसवले गेले. याच परीट समाजात १८७६ साली गाडगे महाराज जन्मले आणि त्यांनी खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली, मनांसकट.

कपडे दुसऱ्याने धुवायचे आणि इस्त्री करायची, आपण फक्त घालायचे, या समजुतीला धक्का देणारी एक हकीकत गांधीजींनी आपल्या आत्मकथेत सांगितली आहे. दक्षिण आफ्रिकेत ते स्वतः कॉलर धुऊन, खळ घालून, इस्त्री करायला शिकले. पहिल्याच दिवशी खळ जास्त झाली आणि कोर्टात कॉलरमधून ती गळू लागली. सोबतचे वकील हसले, पण यांनी सोडले नाही. पुढे १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले तिकडे गेले. त्यांच्याजवळ न्यायमूर्ती रानड्यांनी भेट दिलेले उपरणे होते. ते खास प्रसंगीच वापरत. जोहान्सबर्गच्या मेजवानीच्या दिवशी ते चुरगळलेले निघाले आणि लाँड्रीत देऊन परत आणायला वेळ नव्हता. गांधीजी म्हणाले, मी करतो. गोखल्यांना त्यांच्या वकिलीवर भरवसा होता, धोबीकामावर नव्हता! उपरणे डागाळले तर? रानड्यांची आठवण होती ती. पण गांधीजींनी आग्रह धरला, इस्त्री केली आणि गोखल्यांची पसंती मिळवली. गुरूचे वस्त्र शिष्याच्या शिष्याने सपाट केले, इतका सुंदर प्रसंग पाठ्यपुस्तकात का नाही, असे मला नेहमी वाटे.

पाश्चात्त्य देशांतही हे काम सुखाचे नव्हते. तिकडे भरीव लोखंडाच्या इस्त्र्या स्टोव्हवर तापवत. त्यांना इंग्रजीत 'सॅड आयर्न' म्हणत. इथे 'सॅड' म्हणजे दुःखी नव्हे, त्या शब्दाचा जुना अर्थ जड, भरीव. (तरी वापरणाऱ्या बाईला दोन्ही अर्थ पटले असतील.) एक थंड झाली की दुसरी घ्यायची. मूठसुद्धा लोखंडाचीच, त्यामुळे हात भाजे. यावर उपाय काढला तो एका गृहिणीने. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या ओटमवा गावच्या मेरी फ्लॉरेन्स पॉट्स यांनी १८७१ साली काढता-घालता येणाऱ्या लाकडी मुठीचे पेटंट घेतले. मूठ एक, इस्त्र्या तीन, तापली की तिला मूठ अडकवायची. त्यांची इस्त्री दोन्ही बाजूंनी टोकदार होती, म्हणजे हात पुढे जातानाही काम आणि मागे येतानाही. रोज जो हात राबतो त्यालाच सुधारणा सुचते, याचे हे चांगले उदाहरण.

विजेची इस्त्री आली १८८२ साली. न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी ६ जून १८८२ रोजी पेटंट मिळवले. पण घरोघरी वीजच नव्हती, मग इस्त्री चालणार कशावर? जिथे वीज होती तिथेही ती रात्री दिव्यांपुरती. कॅलिफोर्नियातल्या ऑन्टॅरिओ गावी वीज कंपनीत काम करणाऱ्या अर्ल रिचर्डसन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हलकी इस्त्री बनवून ग्राहकांना वापरायला दिली. तिकडे सोमवारी धुणे आणि मंगळवारी इस्त्री असा बायकांचा रिवाज होता, म्हणून त्यांनी मंगळवारी दिवसाही वीज सोडायला लावली. इस्त्री मध्ये फार तापते आणि टोकाला, जिथे काज्या-बटणांत शिरायचे तिथे, थंड राहते अशी गृहिणींची तक्रार होती. ती ऐकून त्यांनी टोक तापेल अशी रचना केली आणि नाव दिले 'हॉटपॉइंट'. ग्राहक म्हणून बाईचे म्हणणे कुणीतरी ऐकले आणि एक मोठा उद्योग उभा राहिला.

विजेने विश्वासाचा अर्थ बदलला. राख नको, ठिणगी नको, पण आता शॉक बसू नये आणि तापत तापत आग लागू नये. दुसऱ्या काळजीचे उत्तर म्हणजे थर्मोस्टॅट. त्यातली युक्ती मात्र जुनी, अठराव्या शतकातली आहे. समुद्रावर अचूक चालणारे घड्याळ बनवण्यासाठी जन्म घालवणाऱ्या जॉन हॅरिसनने दोन वेगवेगळ्या धातूंची पट्टी एकत्र जोडली. तापल्यावर दोन्ही सारख्या प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे पट्टी वाकते. इस्त्रीत हीच पट्टी वाकून वीज तोडते आणि निवली की पुन्हा जोडते. लाल दिवा लागतो-विझतो तो यामुळे.

थर्मोस्टॅटची निकड वाढवली ती नव्या कापडांनी. १९३५ साली अमेरिकेत नायलॉन तयार झाले, १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी टेरिलीन शोधले. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे टेरिलीन, टेरिकॉटने काय धुमाकूळ घातला होता! लग्नात टेरिकॉटची पँट मिळाली की जावई खूष. धुवा आणि घाला, इस्त्रीची गरज नाही असा त्याचा लौकिक. पण या कापडाला सुती कपड्याची उष्णता लावली की ते करपत नाही, वितळते. नायलॉनची साडी इस्त्रीला चिकटलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. आज कपड्यावरच्या चिठ्ठीत इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात, ते जरूर वाचावेत. एक ठिपका म्हणजे कमी उष्णता (नायलॉन, ॲक्रिलिक), दोन म्हणजे मध्यम (रेशीम, लोकर, पॉलिएस्टर), तीन म्हणजे जास्त (सुती, लिनन).

आणि आता वाफ. पहिली बाजारात आलेली विजेची वाफेची इस्त्री १९२६ साली न्यूयॉर्कच्या एल्डेक कंपनीने काढली, पण ती फारशी खपली नाही. लोकप्रियता यायला अजून बरीच वर्षे जावी लागली. तिची रचना फार गहन नाही. वर पाण्याची टाकी, खाली तापलेला तवा, मध्ये बारीक झडप. थेंब थेंब पाणी तव्यातल्या पोकळीत पडते, त्याची वाफ होते आणि भोकांतून कापडात शिरते. आपली आजी तोंडात पाणी घेऊन फुर्रकन कपड्यावर फवारा मारत असे, तेच काम. ओल, उष्णता आणि दाब या तिघांत ओलीने आपला वाटा उचलला की दाब कमी लागतो. म्हणून वाफेची इस्त्री हलकी असली तरी चालते. माझ्या मनगटाच्या दृष्टीने सगळ्या शोधांत हा मोलाचा!

तरीही इथे एक शंका राहते. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली एक पुस्तक लिहून दाखवून दिले की घरात यंत्रे आली तरी गृहिणीचे तास फारसे घटले नाहीत. काम सोपे झाले तशी अपेक्षा वाढली, आणि बाहेर जाणारे काम पुन्हा घरात आले. आपल्याकडे वेगळे काय झाले? महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले, हळूहळू वीज आली, इस्त्री आली. पूर्वी घरातले चार कपडे परटाकडे जात, आता दहा कपडे घरात बाई करू लागली. नोकरी करून करू लागली. तीस वर्षे पहाटे पाचला उठून मी माझी कांजी घातलेली साडी, ह्यांचा शर्ट आणि मुलांचे गणवेश यांना इस्त्री केली आहे, तेव्हा हे मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती.

मनगट मोडले आणि हा क्रम थांबला. मग ह्यांनी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, "मला शिकव" असे म्हटले. मी खुर्चीत बसून सूचना देणारी आणि हे टेबलापाशी उभे. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, शेवटी अंग. दोन आठवड्यांत हात बसला. त्यामुळे इस्त्री निवडताना माझ्यासमोर दोन गरजा होत्या : माझ्या हाताला झेपेल अशी, आणि विसरभोळ्या नवशिक्याच्या हाती धोका होणार नाही अशी. आमच्या वयाच्या अनेक घरांत हीच अडचण असेल, म्हणून आम्ही काय काय पाहिले ते लिहिते.

पहिली गोष्ट, दुकानात जाऊन इस्त्री हातात धरून बघावी. टाकीत पाव लिटरच्या आसपास पाणी मावते, त्याचेही वजन धरावे. एक-सव्वा किलोची इस्त्री आम्हाला झेपली. दुसरी, आपोआप बंद होण्याची सोय. आडवी पडून राहिली तर साधारण अर्ध्या मिनिटात आणि उभी राहिली तर आठेक मिनिटांत वीज तुटते, अशी रचना बऱ्याच इस्त्र्यांत मिळते. वृद्धांच्या घरी ही सोय चैनीची नव्हे, गरजेची आहे. तिसरी, प्लग. आपले छोटे सॉकेट सहा अँपिअरचे, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅटची मर्यादा. वाफेच्या बऱ्याच इस्त्र्या त्याहून जास्त वॅटच्या असतात. त्यांना सोळा अँपिअरचे मोठे सॉकेट लागते आणि अर्थिंग चालू आहे की नाही हे इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्यावे लागते. अडॅप्टर लावून भागवू नये. चौथी, आयएसआय खूण. ती नसेल तर किंमत कितीही कमी असो, उचलू नये.

पाचवी गोष्ट पाण्याची, आणि वाफेच्या इस्त्रीचा खरा शत्रू तोच. बोअरिंगच्या जड पाण्यातला चुना भोकांत साठतो, मग वाफ कोंडते आणि पांढऱ्या शर्टावर तपकिरी डाग पडतात. फिल्टरचे पाणी वापरावे, माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे अधूनमधून सफाई करावी, काम झाल्यावर टाकी रिकामी करावी, आणि टाकीत अत्तर, कांजी असले काही घालू नये. सहावी, थेंब न गळण्याची सोय. तवा पुरेसा तापलेला नसेल तर वाफेऐवजी पाणीच गळते आणि रेशमावर डाग उठतात. जरीच्या साडीला मी अजूनही वाफ लावू देत नाही. उलट्या बाजूने, वर सुती फडके टाकून, कोरडी आणि बेताची गरम. सातवी, आपल्या गावात दुरुस्ती होते का हे आधी विचारावे. ज्यांच्या घरी इस्त्री क्वचित लागते त्यांनी साधी कोरडी इस्त्रीच घ्यावी. जितके अवयव कमी तितकी दुखणी कमी.

नवी इस्त्री आली तेव्हा मनात एक टोचणी होती. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर इस्त्रीची टपरी आहे. ती चालवणारा माझाच जुना विद्यार्थी. आपण असे एकेक जण घरी करू लागलो तर त्याचे काय? एकदा मी त्याला सरळच विचारले. तो हसला. म्हणाला, "बाई, रोजचे सदरे घरी करा. कांजीच्या साड्या, धोतरे तुमच्या त्या हलक्या इस्त्रीला जमणार नाहीत. ती माझ्याकडेच येणार." मग जरा थांबून म्हणाला, "खांदा गेलाय बाई. पंचवीस वर्षे सात किलो फिरवली. आता गॅसची घेतलीय, धूर तरी नाही." मी म्हटले, "पोरांना यात आणणार का रे?" तो म्हणाला, "नाही. तेवढ्याचसाठी तर करतोय."

त्याच्या खांद्याचा विचार इतरही काही जण करत आहेत. तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलै इथल्या विनिशा उमाशंकर या शाळकरी मुलीने सूर्याच्या उर्जेवर चालणारी इस्त्रीची गाडी आखली. त्यासाठी तिला २०२० साली स्वीडनचे एक पारितोषिक मिळाले आणि २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत ती बोलली. उलट टोकाचा विचारही झाला. २०२४ साली सीएसआयआर या सरकारी विज्ञान संस्थेच्या लोकांनी वीज वाचवण्यासाठी सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालायचे ठरवले. त्या मोहिमेमागे मुंबई आयआयटीचे प्राध्यापक चेतन सोळंकी होते. आमच्या शाळेत बिनइस्त्रीच्या गणवेशाला छडी मिळत असे, हे आठवून मला हसूही आले आणि थोडे वाईटही वाटले. गादीखाली घडी ठेवणाऱ्या घरातली ती मुले होती.

तर भाचीला मी उत्तर दिले ते असे : कपडा न करपवणारी, हात न दुखवणारी, विसरलो तरी घर न जाळणारी, आणि घरातल्या कुणालाही धरता येईल अशी. यातले पहिले तीन गुण दुकानात मिळतात. चौथा घरात रुजवावा लागतो. ज्या घरात इस्त्री एकाच हातात राहते तिथे ती कितीही वाफेची असो, जडच असते.

असो. लेख जरा लांबला. तुमच्याकडे आजीच्या तांब्याची, टेरिकॉटची किंवा चिकटलेल्या नायलॉनची एखादी आठवण असेल तर जरूर कळवा. आणि सुट्टीत घरी आलेल्या मुलांना, मुलग्यांनासुद्धा, कॉलरपासून सुरुवात करायला शिकवा.